जांभ्याच्या गडग्यावरचे काजवे: नर, मादी आणि अळी एकाच जातीची आहेत हे कसे ठरवावे?

माडबन (प्रश्न)

नमस्कार. मी सावंतवाडी तालुक्यातील एका गावात राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. मृग लागण्याच्या आधीच्या आठवड्यात, पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर, घरामागच्या जांभ्याच्या गडग्यापाशी (दगड रचून केलेल्या कुंपणापाशी) मी सलग सहा संध्याकाळी नोंदी केल्या. तिथे मला तीन वेगवेगळे प्रकाशणारे कीटक आढळले.

पहिला उडणारा आहे. लांबी ७ मिलिमीटर, डोक्यामागची ढाल नारिंगी, पाठीवरची पंखावरणे फिकट तपकिरी व टोकाशी काळी. उलटा करून पाहिला तर पोटाचे शेवटचे दोन खंड दुधासारखे पांढरे दिसतात आणि प्रकाश तिथूनच येतो. तो लुकलुकतो. आपण ज्याला काजवा म्हणतो तो हाच.

दुसरा प्राणी अळीसारखा, बिनपंखी, मळकट पिवळा आणि २२ मिलिमीटर लांब आहे. तो गडग्याच्या फटीतून सात वाजण्याच्या सुमारास बाहेर येतो, शेवाळावर थांबतो आणि शेपटीकडचा भाग थोडा वर वळवून हिरवट, अखंड प्रकाश देतो. त्याचा प्रकाश लुकलुकत नाही.

तिसरा काळपट, पाठीवर एकामागून एक पाट्या बसवल्यासारखा, १२ मिलिमीटरचा. तो मला एका लहान गोगलगाईच्या शंखात डोके खुपसलेला सापडला. शेपटीजवळ दोन बारीक ठिपके मंद उजळतात, आणि हात लावला की काही वेळाने विझतात.

एका समूहावर मी छायाचित्रे टाकली तेव्हा दुसरा प्राणी हा पहिल्याची मादी आणि तिसरा त्यांची अळी, असे सांगून एका सदस्यांनी तिन्हींखाली एकच शास्त्रीय नाव लिहिले. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत ते नाव उतरवण्यापूर्वी मला खात्री करून घ्यायची आहे. हे तिघे खरोखर एकाच जातीचे असू शकतात का? तसे ठरवण्यासाठी नेमके काय पाहावे? माझ्याकडे दहापट मोठे दाखवणारे भिंग, मोजपट्टी आणि साधा फोन आहे, सूक्ष्मदर्शक शाळेचा वापरता येतो.

भिंगवाला (उत्तर)

तुमच्या नोंदी इतक्या व्यवस्थित आहेत की एका प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. दुसरा प्राणी पहिल्याची मादी असण्याची शक्यता जवळजवळ नाही.

त्याचे कारण सांगतो. काजव्यांचे कुल म्हणजे लॅम्पिरिडी. जगभरात त्याच्या दोन हजारांहून अधिक जाती वर्णिलेल्या आहेत आणि हे सारे भुंगेऱ्यांच्या गणातले कीटक आहेत. तुमचा पहिला कीटक, म्हणजे लहान, नारिंगी ढालीचा, लुकलुकणारा आणि पोटाच्या शेवटच्या दोन्ही खंडांवर प्रकाशइंद्रिय असलेला, हे लुसिओलिनी उपकुलातील नराचे नेहमीचे रूप आहे. आपल्याकडच्या या उपकुलातील मादीलाही सहसा पंखावरणे असतात. तिचे रूप नराशी बरेच जुळते, फरक असा की तिच्या पोटाचा एकच खंड उजळतो आणि त्यामागचा खंड साधा राहतो. म्हणून पहिल्याची मादी शोधायची असेल तर गडग्यावर पाहण्यापेक्षा गवताच्या पात्यांवर, झुडपांच्या खालच्या पानांवर पाहा. तिथे बसून थांबून थांबून लुकलुकणारा, एकच पांढरा पट्टा असलेला कीटक मिळाला तर ती बहुधा पहिल्याची मादी असेल.

आता दुसऱ्याबद्दल. अळीसारखी दिसते म्हणून ती अळीच, हा समज सर्वत्र आढळतो आणि मराठीत काजवा या एकाच शब्दात सगळे येत असल्यामुळे तो आणखी पक्का होतो. लॅम्पिरिडीच्या अनेक प्रजातींत मादी पूर्ण वाढ झाल्यावरही अळीसारखीच राहते. तिला पंख फुटत नाहीत, ती उडत नाही, एका जागी थांबून प्रकाशते आणि नर तिच्याकडे येतो. (इथे 'जाती' म्हणजे स्पीशीज आणि 'प्रजाती' म्हणजे जीनस, या अर्थाने मी लिहीत आहे. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास उलटसुलट वापरले जातात, त्यामुळे काजव्यांवरच्या बातम्या वाचताना घोटाळा होतो.)

अशी प्रौढ मादी आणि खरी अळी यांतला फरक तुमच्या भिंगाने कळण्याजोगा आहे. तिला काचेच्या पट्टीवर ठेवा, वरून दुसरी पट्टी हलकेच टेकवा म्हणजे ती हलणार नाही, आणि पायाचे टोक पाहा. अळीच्या प्रत्येक पायाच्या टोकाला एकच नखी असते. प्रौढाच्या पायाचे टोक बारीक सांध्यांचे असते आणि त्याला आकड्यासारख्या दोन नख्या असतात. मग डोळे पाहा. अळीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी एकच साधा, काळ्या मण्यासारखा ठिपका असतो, तर प्रौढ मादीचा डोळा लहान असला तरी संयुक्त असतो, भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग जाळीदार दिसतो. या दोन खुणा एकमेकींशी जुळल्या की वाद उरत नाही.

ती प्रौढ मादी ठरली तर डोक्यामागच्या ढालीच्या मागे, जिथून पंखावरणे सुरू व्हायला हवीत, तिथे काही उरले आहे का ते बघा. पायरोसिलिया या प्रजातीच्या माद्यांना पंखावरणांचे आखूड खुंट असतात. लॅम्प्रिजेरामध्ये मादी पूर्ण बिनपंखी आणि आकाराने मोठी, कित्येकदा बोटाएवढी, असते. डायाफेनीस या प्रजातीत ती मध्यम आकाराची असून पंखावरणे नसतात किंवा अगदी नाममात्र असतात. केवळ २२ मिलिमीटर लांबी आणि अखंड प्रकाश एवढ्यावरून मी डायाफेनीसकडे झुकेन, पण ही झुकण्याइतकीच गोष्ट आहे. वहीत नाव लिहायला एवढा आधार पुरत नाही.

तिला कोणता नर येतो हे पाहिलेत तर प्रजातीचा प्रश्न बराचसा सुटेल. रुंद तोंडाच्या भांड्यात ओले शेवाळ घालून तिला ठेवा, वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधा आणि भांडे रोजच्या जागीच ठेवा. अंगणातला दिवा बंद हवा. नर जाळीवर उतरला तर जाळी उघडून त्याला आत जाऊ द्या. समागमात असलेली जोडी म्हणजे त्या दोघांची जात एक असल्याचा पुरावा. एकाच गडग्यावर दिसले एवढ्यावरून तो पुरावा मिळत नाही, कारण जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणातल्या एकाच गडग्यावर तीन-चार जाती सहज एकत्र सापडू शकतात.

माडबन

मनापासून आभार. तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. पायाला दोन नख्या आहेत, डोळा लहान पण जाळीदार आहे. ढालीमागे दोन्ही बाजूंना मोहरीच्या टरफलाएवढ्या दोन पातळ चकत्या दिसल्या, त्या उचलल्या जात नाहीत. म्हणजे ती प्रौढ मादीच.

पहिल्या दोन रात्री कोणी आले नाही. पहिल्या रात्री पडवीतला दिवा चालू राहिला होता, कदाचित त्यामुळे. तिसऱ्या रात्री पावणेआठच्या सुमारास दोन नर आले. ते पहिल्या प्रकारच्या कीटकापेक्षा अगदी वेगळे होते: लांबी ११ मिलिमीटर, रंग गडद तपकिरी, उडतानाही न लुकलुकता प्रकाशणारे. डोके वरून दिसतच नव्हते, ते पूर्णपणे ढालीखाली झाकलेले होते. ढालीच्या पुढच्या कडेशी दोन पारदर्शक खिडक्या होत्या आणि त्यांतून काळे, मोठे डोळे दिसत होते. एवढे सुंदर काही मी या गडग्यावर इतकी वर्षे असताना पाहिले नव्हते. स्पृशा (डोक्यावरच्या मिशा) धाग्यासारख्या बारीक आणि आखूड. त्यांतला एक नर मादीशी ४० मिनिटे समागमात होता. त्या जोडीची पाठीकडून, पोटाकडून व बाजूने, मोजपट्टीसह, छायाचित्रे घेतली आहेत.

आता डायाफेनीस लिहावे का? आणि पुढे जातीपर्यंत कसे जावे?

कीटकपेटी (उत्तर)

वरची चर्चा योग्य दिशेने चालली आहे, म्हणून मी तिथूनच पुढे लिहितो.

डोके पूर्ण झाकणारी ढाल, तीतल्या पारदर्शक खिडक्या, आखूड व साध्या स्पृशा आणि अखंड प्रकाश हे सर्व डायाफेनीसच्या नराशी जुळते. पायरोसिलियाच्या ढालीतही खिडक्या असतात, परंतु त्यांच्या स्पृशा चपट्या व करवतीकडे झुकणाऱ्या असतात. तुमच्या वर्णनात त्या धाग्यासारख्या आहेत, त्यामुळे ती शक्यता मागे पडते. मादीच्या त्या दोन चकत्याही या निष्कर्षाच्या आड येत नाहीत. तेव्हा प्रजाती डायाफेनीस हे लिहायला हरकत नाही.

जातीच्या बाबतीत मात्र मी तुम्हाला थांबायला सांगेन. भारतीय काजव्यांच्या पुष्कळ जातींची मूळ वर्णने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी एर्नेस्ट ऑलिव्हिए, हेन्री गॉरहॅम अशा युरोपीय अभ्यासकांनी लिहिली. ती वर्णने बहुधा चार-सहा ओळींची असतात, त्यांत रंग आणि लांबी असते, जननांगाचे चित्र नसते, आणि ज्या नमुन्यावरून नाव दिले तो नमुना पॅरिस किंवा लंडनच्या संग्रहात असतो. रंग तर एका जातीतही बदलतो. म्हणून छायाचित्र पुस्तकातल्या चित्राशी ताडून जातीचे नाव देणे हे या गटात भरवशाचे नाही, कितीही अनुभवी माणसाने दिले तरी.

जात ठरते ती मुख्यतः नराच्या जननांगाच्या रचनेवरून. मृत नराच्या पोटाचे टोक मऊ करून जननांग बाहेर काढतात, पोटॅशियम हायड्रॉक्साईडच्या सौम्य द्रावणात ठेवून त्यावरचे मांस विरघळवतात आणि ग्लिसरीनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. मधला एक भाग आणि त्याच्या दोन बाजूंच्या पाळ्या, यांची लांबी, वळण आणि एकमेकांशी असलेले प्रमाण हे त्या जातीचे ओळखपत्र असते.

याचे महत्त्व किती आहे ते तुमच्या पहिल्या, लुकलुकणाऱ्या काजव्याच्या गटातच दिसते. लिनिअसने १७६७ साली ज्याला लॅम्पिरिस कायनेन्सिस म्हटले तो काजवा पुढे फार काळ लुसिओला या प्रजातीत होता. लुसिओला ही त्या काळात जवळजवळ सगळे लहान, लुकलुकणारे काजवे ठेवायची कोठी झाली होती. ऑस्ट्रेलियातील अभ्यासक लेस्ली बॅलंटाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जननांग व पोटाच्या शेवटच्या खंडांचा बारकाईने अभ्यास करून त्या कोठीतली गर्दी वेगळी केली, आणि २०१३ साली अ‍ॅब्स्कोंडिटा ही नवी प्रजाती प्रसिद्ध झाली. तिच्या नराचे जननांग खालून पाहिले तर बाजूच्या पाळ्या मधल्या भागाआड दडलेल्या असतात, आणि लॅटिनमधल्या त्या शब्दाचा अर्थही 'दडलेली' असाच आहे. आज तो काजवा अ‍ॅब्स्कोंडिटा कायनेन्सिस म्हणून ओळखला जातो. तमिळनाडूच्या आनैमलै व्याघ्रप्रकल्पात २०२२ मध्ये जे एका तालात लुकलुकणारे असंख्य काजवे नोंदवले गेले तेही अ‍ॅब्स्कोंडिटा प्रजातीतलेच. तुमचा ७ मिलिमीटरचा काजवा त्या प्रजातीचा असू शकेल, पण अ‍ॅसिमेट्रिकाटासारख्या जवळच्या प्रजातीही आपल्या उपखंडात आहेत, आणि पाठीच्या रंगावरून त्यांतली निवड करण्याचा प्रयत्न करू नये. वहीत 'लुसिओलिनी उपकुल, प्रजाती अनिश्चित' असे लिहा. ते अपुरे वाटेल, परंतु ते खरे आहे, आणि चुकीचे नाव एकदा नकाशावर चढले की त्या जातीचा प्रसार कुठपर्यंत आहे याचा हिशेबच बिघडतो.

नमुने ठेवायचे असतील तर दोन गोष्टी सांगतो. तुमचा गडगा खासगी जागेत आहे. अभयारण्यात असे काही करण्याचा विचार वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय करू नये, मग तो किडा कितीही सामान्य असो. भंडारदऱ्याचा काजव्यांचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो हे तिथे जाणाऱ्या अनेकांना माहीत नसते. दुसरे म्हणजे नमुने थोडेच घ्या: समागमात आलेला नर आणि अंडी घालून मेलेली मादी एवढे पुरेसे आहे. दोघांना एकाच कुपीत, डीएनए तपासणीसाठी ९५ टक्के किंवा त्याहून तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवा. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. अभ्यासासाठीचे नमुने शेवटी अशा मान्यताप्राप्त संग्रहात जमा झाले पाहिजेत, घरच्या कपाटातली कुपी पुढच्या अभ्यासकाच्या हाती लागत नाही.

सांजनोंद (उत्तर)

तिसऱ्या प्राण्याचा, म्हणजे अळीचा, विषय मागे राहिला आहे, म्हणून लिहिते.

गोगलगाईच्या शंखात डोके घातलेली, पाठीवर पाट्या असलेली आणि शेपटीजवळ दोन ठिपके उजळणारी अळी लॅम्पिरिडीची आहे असे मानायला हरकत नाही. तिचे ते ठिपके पोटाच्या आठव्या खंडावर असतात. विळ्यासारख्या जबड्यांत बारीक नळी असते, तिच्यातून ती गोगलगाईत पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते. जेवण झाल्यावर तिला नीट पाहा. शेपटीच्या टोकातून पांढऱ्या, बोटांसारख्या मऊ तंतूंचा झुपका बाहेर येतो आणि त्याने ती डोक्यावरचा, पाठीवरचा चिकट द्रव पुसून काढते. मुलांना हे अवश्य दाखवा.

मात्र ती कोणत्या जातीची हे तिच्याकडे पाहून आज सांगता येणार नाही. बहुसंख्य जातींच्या अळ्यांची वर्णनेच झालेली नाहीत. अळी आणि प्रौढ यांची सांगड दोनच मार्गांनी भरवशाने घालता येते: अळी वाढवून तिचा प्रौढ होईपर्यंत थांबणे, किंवा दोघांच्या डीएनएचा तोच तुकडा ताडून पाहणे. प्राण्यांत यासाठी सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा भाग वापरतात. पहिला मार्ग तुमच्या हातात आहे. ओलसर माती, पालापाचोळा, आठवड्याला एक-दोन लहान गोगलगाई, आणि भांड्यात पाणी साचू न देणे एवढे सांभाळावे लागते. बुरशी दिसली की माती बदला.

एक सावधगिरी. पुढे कधी बाजूंनी ओळीने ठिपके उजळणारी, आगगाडीच्या डब्यांच्या खिडक्यांसारखी दिसणारी अळीसदृश मादी मिळाली, आणि ती गोगलगाय सोडून वाणी, ज्याला कोकणात पैसा म्हणतात, तो खाताना दिसली, तर ती लॅम्पिरिडीत घालू नका. ते रॅगोफ्थाल्मिडी हे वेगळे, आशियातले कुल आहे. त्याच्या नरांचे डोळे मागच्या बाजूने खोल खाच पडलेले असतात, आणि श्रीलंकेतून वर्णन झालेल्या डिऑप्टोमामध्ये तर प्रत्येक डोळा दोन भागांत विभागलेला असतो. जपानच्या इरिओमोटे बेटावरील रॅगोफ्थाल्मस ओहबाई या जातीची मादी नराला बोलावताना शेपटीकडचे प्रकाशइंद्रिय वापरते आणि समागमानंतर अंड्यांभोवती वेटोळे घालून बसते तेव्हा बाजूंचे ठिपके उजळते. म्हणजे एकाच मादीचा प्रकाश दोन वेळी दोन तऱ्हांचा असतो. 'कीटक कसा प्रकाशतो' एवढीच नोंद म्हणूनच अपुरी पडते. त्या वेळी तो काय करत होता हेही सोबत लिहिले पाहिजे.

तुमच्या लुकलुकणाऱ्या काजव्यासाठी फोनवर चित्रफीत घ्या, फोन दगडावर टेकवून स्थिर ठेवा. दोन लुकलुकींमधले अंतर सेकंदांत मोजा आणि त्या वेळचे हवेचे तापमान लिहा, कारण उष्णतेने लुकलुकण्याचा वेग वाढतो. तापमानाशिवाय लिहिलेला आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशी ताडता येत नाही. विजेरीवर लाल कागद बांधा, पांढऱ्या प्रकाशाने ते गप्प होतात.

माडबन

सर्वांचे आभार. समूहावरील त्या छायाचित्रांखाली मी दुरुस्ती लिहिली आहे आणि ज्यांनी नाव दिले होते त्यांनीही ती मान्य केली.

मादीने समागमानंतर दुसऱ्या रात्रीपासून शेवाळाखाली अंडी घालायला सुरुवात केली. आज ३४ अंडी मोजली. फिकट पिवळी, साबुदाण्याच्या बारीक दाण्यासारखी. काल रात्री खोलीतला दिवा पूर्ण बंद करून, डोळे अंधाराला सरावल्यावर पाहिले तर अंडीही अगदी मंद उजळत होती. ही अंडी कोणत्या नर-मादीची आहेत हे मला निश्चित ठाऊक आहे, त्यामुळे यांतून निघणाऱ्या अळ्या वाढवून त्या १२ मिलिमीटरच्या झाल्या की गडग्यावरच्या काळपट अळीशी ताडून पाहीन. त्या अळीच्या प्रत्येक पाटीच्या मागच्या कोपऱ्यांवर फिकट ठिपका आहे, तो यांच्यात येतो का हे पाहायचे आहे. ती अळी वेगळ्या भांड्यात आहे आणि काल तिने दुसरी गोगलगाय संपवली. शेपटीचा तो पांढरा झुपका सातवीच्या मुलांनी भिंगातून पाहिला.

मुलांच्या वहीत आता तीन वेगळी पाने आहेत. पहिल्यावर 'लुसिओलिनी, नर, प्रजाती अनिश्चित', दुसऱ्यावर 'डायाफेनीस, नर व मादी समागमात, जाती अनिश्चित' आणि तिसऱ्यावर 'लॅम्पिरिडी, अळी, वाढवत आहोत'. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, तापमान आणि गडग्याची जागा लिहिली आहे. तिसऱ्या पानाखाली अर्धे पान कोरे ठेवले आहे.